इस्तंबूलला दोन दिवस पुरतील का?

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरअखेरीस तुर्कस्तानला दहा दिवस जायचं आहे. बरोबर साठी ओलांडलेले सासू-सासरे आणि बारा वर्षांचा मुलगा. घरचे सगळे शाकाहारी. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात इस्तंबूलला दोन दिवस आहेत आणि त्यातला अर्धा दिवस खरेदीसाठी राखलेला आहे. तेवढ्यात शहर बघून होईल का, आणि काय बघावं, काय सोडावं?

दोन दिवस पुरणार नाहीत. गेली बरीच वर्षं मी मराठी मंडळींचे गट तुर्कस्तानात नेतो आहे, आणि परत येताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘इस्तंबूलला अजून थांबायला हवं होतं.’ तुमच्या दहा दिवसांत नऊ रात्री मिळतात. त्यातल्या पाच इस्तंबूलला द्या, दोन कॅपाडोकियाला आणि दोन सेल्चुकला, म्हणजे इफेसस या जुन्या ग्रीक-रोमन शहराच्या अवशेषांजवळ. पामुक्कले, अंतल्या, ट्रॉय हे सगळं या खेपेला विसरा. देश प्रचंड मोठा आहे आणि बसमध्ये घालवलेला दिवस वयस्कर माणसांना फार महागात पडतो.

दुसरं म्हणजे क्रम उलटा करा. इस्तंबूल शेवटी ठेवा. उतरल्यावर त्याच विमानतळावरून पुढचं विमान पकडून कायसेरी किंवा नेवशेहिर गाठा, तिथून कॅपाडोकिया. बलूनमध्ये बसायचं असेल तर दोन्ही सकाळ मोकळ्या ठेवा, कारण वारा असला की उड्डाणं सरसकट रद्द होतात आणि दुसरी सकाळ हाताशी असावी लागते. देरिनकुयूचं जमिनीखालचं शहर मुलाला दाखवाच, पण सासू-सासऱ्यांना वरच बसवा. आतली भुयारं इतकी ठेंगणी आहेत की बराच वेळ कमरेत वाकून चालावं लागतं. कायसेरीहून विमानाने इझमीर, तिथून तासाभरात सेल्चुक. इफेससला दोन प्रवेशद्वारं आहेत. गाडीवाल्याला वरच्या दारापाशी सोडायला आणि खालच्या दारापाशी घ्यायला सांगा, म्हणजे सगळा रस्ता उताराचा पडतो. संगमरवरी फरशी गुळगुळीत झालेली आहे, तळव्याला पकड असलेलेच बूट घाला.

हा क्रम मी का सुचवतो? इस्तंबूल आज राजधानी नाही, १९२३ पासून राजधानी अंकारा आहे. पण इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने इथे राजधानी आणली तेव्हापासून १९२२ मध्ये सुलतानपद रद्द होईपर्यंत जवळजवळ सोळाशे वर्षं हे शहर कुठल्या ना कुठल्या साम्राज्याचं केंद्र होतं. देशाच्या कानाकोपऱ्यातलं मोलाचं ते इथे येत राहिलं. आधी अनातोलियाची माती आणि ग्रीक-रोमन शहरं बघून आलात की इस्तंबूलमधल्या वस्तू ओळखीच्या वाटू लागतात. उलट केलंत तर पहिल्याच दिवशी सम्राटांच्या आणि सुलतानांच्या नावांचा गोंधळ होतो आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही.

आता मुक्काम. बहुतेक एजंट सुलतानअहमद भागात हॉटेल देतात. आया सोफिया दारात असते हे खरं, पण संध्याकाळी तो भाग पर्यटकांपुरता उरतो आणि जेवण महाग पडतं. मी सिर्केजी सुचवतो. एकेकाळी ओरिएंट एक्सप्रेस जिथे येऊन थांबायची ते १८९० चं स्टेशन याच भागात आहे. टी-१ ट्राम समोरून जाते, मार्माराय या समुद्राखालून जाणाऱ्या रेल्वेचं स्टेशन पायाखाली आहे आणि एमिनोनूचा बोटीचा धक्का चालत काही मिनिटांवर. शिवाय जागा सपाट आहे. हे शहर टेकड्यांवर वसलेलं आहे, त्यामुळे हॉटेल चढावर घेतलंत तर रोज संध्याकाळी दमलेल्या पायांनी तो चढ चढावा लागेल.

पोहोचल्यावर सगळ्यात आधी इस्तंबूलकार्ट घ्या. ट्राम, मेट्रो, बस, बोट सगळीकडे तेच चालतं. आणि पहिल्या दुपारी एकही वास्तू बघू नका. बॅगा टाका, एमिनोनूच्या धक्क्यावर जा आणि काडिकोयला जाणारी साधी, रोजच्या प्रवाशांची बोट पकडा. वीसेक मिनिटांचा प्रवास आहे आणि भाडं किरकोळ. वरच्या डेकवर मागच्या बाजूला बसा. बोट सुटली की आधी गलाता पूल दिसतो, मग सगळा जुना भाग उलगडत जातो: सुलेमानिये मशिदीचे चार मिनार, मग टोकावर झाडीतला तोपकापी राजवाडा, आणि बोट मार्मारा समुद्राकडे वळली की आया सोफिया आणि निळी मशीद शेजारी शेजारी. तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं ते टोक नजरेत भरलं की पुढचे चार दिवस नकाशा काढावा लागत नाही. बोटीवर चहावाला ट्रेमध्ये छोटे कंबर असलेले ग्लास घेऊन फिरतो. मुलाच्या हातात एक सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव द्या, सीगल पक्षी बोटीच्या बरोबरीने उडत येऊन तुकडे हवेतच झेलतात.

काडिकोय म्हणजे जुनं खाल्केडोन. ग्रीक वसाहतवाले आधी इथे उतरले आणि बिझँटियन, म्हणजे मूळचं इस्तंबूल, त्यानंतर समोरच्या टोकावर वसलं. हेरोडोटसने लिहून ठेवलंय की मेगाबाझस नावाच्या पर्शियन सेनापतीने हे ऐकल्यावर खाल्केडोनच्या लोकांना आंधळे ठरवलं, समोर इतकी उत्तम जागा दिसत असताना इथे राहिले म्हणून. धक्क्यावर उभं राहून पलीकडे बघितलंत की तो असं का म्हणाला ते कळतं. संध्याकाळी काडिकोयच्या बाजारात फिरा, तिथेच जेवा आणि सूर्य मावळायच्या बेताला परतीची बोट धरा.

पुढच्या दिवसांसाठी माझा एकच नियम आहे: दिवसाला एक टेकडी किंवा एक किनारा. एका दिवसात राजवाडा, बाजार, बॉस्फरस आणि तकसीम कोंबणारा कार्यक्रम हातात पडला तर तो बाजूला ठेवा.

पहिला पूर्ण दिवस सुलतानअहमदचा. आया सोफियासाठी उघडण्याच्या वेळेला हजर राहा आणि शुक्रवार टाळा, कारण दुपारच्या नमाजासाठी पाहुण्यांचा प्रवेश बंद असतो. ही वास्तू सम्राट जस्टिनियनने चर्च म्हणून ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच-सहा वर्षांत उभी केली. आधीचं चर्च ५३२ च्या निका दंगलीत जळून गेलं होतं. अँथेमियस आणि इसिडोर हे तिचे रचनाकार, दोघेही गणित आणि यंत्रशास्त्रातली माणसं. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट त्यांनी चौकोनी पायावर बसवला आणि घुमटाच्या बुडाशी ४० खिडक्या ठेवल्या. दिवसाच्या प्रकाशात त्या खिडक्यांमधून इतका उजेड येतो की घुमट भिंतींवर टेकलाय असं वाटतच नाही. पहिला घुमट ५५८ मध्ये भूकंपाच्या तडाख्यांनंतर कोसळला, मग जास्त उंच आणि म्हणून जास्त भक्कम असा दुसरा बांधला. तुर्कांनी शहर जिंकल्यावर, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. २०२४ पासून तळमजला नमाजासाठी आहे आणि परदेशी पाहुण्यांना तिकीट काढून वरच्या सज्जात जाता येतं. घुमटाच्या दुरुस्तीसाठी आत परांची उभारलेली असू शकते, त्याची मनाची तयारी ठेवा.

बरेच जण तळमजला मिळत नाही म्हणून हळहळतात. मी उलट म्हणेन की वेळ द्यावा असं पुष्कळसं सज्जातच आहे. टांगलेल्या त्या अजस्र गोल ढाली, अल्लाह, मुहंमद आणि पहिल्या खलिफांची नावं असलेल्या, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या दुरुस्तीच्या वेळच्या आहेत. साडेसात मीटर व्यासाच्या या ढाली सज्जातून जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतात. मग खाली मिहराबकडे, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे बघा. तो इमारतीच्या मध्यरेषेवर नाही, उजवीकडे सरकलेला आहे. चर्चचा रोख वेगळा आणि मक्केची दिशा वेगळी, म्हणून मशीद करताना तेवढा कोन बदलावा लागला. मुलाला आधी काही न सांगता ‘इथे वाकडं काय आहे?’ एवढंच विचारा.

दक्षिणेकडच्या सज्जात संगमरवरी दारापलीकडे ख्रिस्त, मेरी आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांचं मोझेक आहे. खालचा बराच भाग गळून गेलाय, तरी चेहरे शाबूत आहेत. डाव्या हाताला खिडकी आहे आणि कारागिराने चेहऱ्यांवरच्या सावल्या त्याच खिडकीतून उजेड येतोय असं धरून काढल्या आहेत. हे आधी लक्षात येत नाही, पण दोन मिनिटं शांत उभं राहिलं की ते चेहरे जिवंत का वाटतात ते समजतं. त्याच्या समोर जमिनीत एन्रिको दांदोलोच्या नावाची फरशी आहे. हा व्हेनिसचा वृद्ध, दृष्टी गेलेला प्रमुख. १२०४ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या फौजेने ख्रिश्चनांचंच हे शहर लुटलं, त्या मोहिमेचा हा सूत्रधार. फरशी एकोणिसाव्या शतकातली आहे, पण तो पुरला गेला याच वास्तूत. आणखी पुढे सम्राज्ञी झोईचं मोझेक. तिच्या शेजारच्या सम्राटाचं डोकं आणि नाव नंतर बदललेलं आहे, कारण मधल्या काळात तिचा नवरा बदलला. शेवटी तिथे उरला तो तिचा तिसरा नवरा. अक्षरांच्या जागी नीट बघा, खाडाखोडीची जागा कळते. वरची वाट चढणीची आणि उंचसखल दगडांची आहे, मोठ्यांना सावकाश न्या.

बाहेर पडलात की शेजारचं मैदान म्हणजे जुना हिप्पोड्रोम, रथांच्या शर्यतींची जागा. तिथला इजिप्शियन स्तंभ थुतमोस तिसरा या फॅरोचा, म्हणजे शहरातल्या रोमन अवशेषांपेक्षा कितीतरी जुना. सम्राट थिओडोसियसने तो ३९० मध्ये इथे उभारला. चौथऱ्यावर सम्राट शर्यतीच्या विजेत्यासाठी हार घेऊन उभा दिसतो. शेजारचा पिळाचा कांस्यस्तंभ डेल्फीहून आणलेला, ग्रीकांनी इ.स.पू. ४७९ मध्ये प्लातियाच्या लढाईत पर्शियनांना हरवल्याची खूण. साप तीन होते, डोकी आता नाहीत. एका डोक्याचा तुकडा पुरातत्त्व संग्रहालयात बघायला मिळतो. जमिनीखालचं टाकंही बघा, येरेबातान. ३३६ खांब, १२ रांगांत. मेड्युसा या ग्रीक कथेतल्या, केसांऐवजी साप असलेल्या राक्षसीची दोन डोकी कोपऱ्यातल्या खांबांखाली आहेत, एक आडवं, एक उलटं. शेजारची निळी मशीद विनातिकीट आहे. मशिदीत जाताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बायकांच्या डोक्याला ओढणी हवी आणि बूट काढावे लागतात, त्यामुळे बरे मोजे घाला. नमाजाच्या वेळी पाहुण्यांना बाहेर थांबावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व संग्रहालय आणि तोपकापी, याच क्रमाने. बहुतेक सहली पहिलं वगळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. १८९१ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय ओस्मान हमदी बेय या चित्रकाराने उभं केलं. आजच्या लेबननमधल्या सिडोनच्या राजघराण्याच्या कबरी त्याने १८८७ मध्ये स्वतः उकरल्या आणि त्यातली अलेक्झांडरची शवपेटी इथे आहे. तीत अलेक्झांडर नव्हता, बहुधा सिडोनचा राजा अब्दालोनिमस असावा. नाव पडलं ते बाजूवर कोरलेल्या पर्शियनांशी झालेल्या लढाईमुळे. संगमरवरावर जुन्या रंगाच्या खुणा अजून आहेत, कपड्यांच्या घड्यांत आणि डोळ्यांत. याच संकुलात मातीची एक पाटी आहे, हित्ती राजा हातुसिली तिसरा आणि इजिप्तचा रामसेस दुसरा यांच्यातला इ.स.पू. १२५९ च्या सुमाराचा तह. कादेशच्या लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी झालेला हा करार अनातोलियात, हित्तींची राजधानी हातुशाच्या उत्खननात सापडला. दालनं आलटूनपालटून दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून तिकीट काढतानाच काय उघडं आहे ते विचारा.

तोपकापी मंगळवारी बंद असतो. त्यात हरेमचा भाग न चुकता घ्या. रत्नांच्या दालनातली रांग फार लांब असेल तर सोडली तरी चालेल. इथे एकच भव्य इमारत नसून अंगणामागून अंगण आहे, आणि आत जावं तसतशी माणसं कमी, शांतता जास्त, हीच तिथल्या सत्तेची रीत होती. शेवटच्या अंगणात पाण्याच्या बाजूला थोडा वेळ बसा. १८५६ मध्ये सुलतान इथून बॉस्फरसकाठच्या दोल्माबाहचे राजवाड्यात राहायला गेले. तो राजवाडा झुंबरांनी भरलेला आहे. तुमच्या वेळेत मी तो बसवणार नाही.

तिसरा दिवस मला सगळ्यात प्रिय, तटबंदीचा. सकाळी टॅक्सीने एदिर्नेकापीला जा. ही शहराच्या जुन्या हद्दीतली सर्वांत उंच जागा. पाचव्या शतकात थिओडोसियस दुसऱ्याच्या काळात बांधलेला हा कोट मार्मारा समुद्रापासून गोल्डन हॉर्न खाडीच्या दिशेने सहाएक किलोमीटर जातो. बाहेरून खंदक, मग बाहेरचा तट, मग आतला सुमारे १२ मीटर उंचीचा तट आणि बुरूज. जवळ जाऊन हात लावून बघा. चुनखडीच्या दगडांचे थर आणि मधेमधे लाल विटांचे पट्टे भिंतीच्या आरपार गेलेले आहेत. हजार वर्षं या तटाने जमिनीवरून चालून आलेल्या फौजांना थोपवलं. १४५३ मध्ये एकवीस वर्षांच्या उस्मानी सुलतान मेहमेद दुसऱ्याने ६ एप्रिलपासून वेढा घातला. ऑर्बान नावाच्या हंगेरियन ओतकाराने त्याच्यासाठी प्रचंड तोफा ओतल्या होत्या. खाडीच्या तोंडाशी बिझँटाइनांनी, म्हणजे शहराच्या तेव्हाच्या ख्रिश्चन राज्यकर्त्यांनी, लोखंडी साखळी ताणलेली होती, म्हणून मेहमेदने आपली जहाजं गलातामागच्या टेकडीवरून लाकडी ओंडक्यांवर ओढत खाडीत उतरवली. २९ मे रोजी शहर पडलं. त्या साखळीचे दुवे संग्रहालयांत ठेवलेले आहेत. मुलाला त्यांची जाडी दाखवा, मग गोष्ट खरी वाटते.

तिथून थोडं खाली उतरलं की कारिये. हे छोटं चर्च चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर मेतोखितिस या मंत्र्याने नव्याने सजवून घेतलं. पुढे मशीद, मग संग्रहालय, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा मशीद म्हणून उघडलं. आतल्या दारावर मेतोखितिस स्वतः आहे, डोक्यावर भला मोठा पट्ट्यापट्ट्यांचा फेटा घालून गुडघे टेकून ख्रिस्ताला चर्चची प्रतिकृती अर्पण करताना. बाजूच्या दफनदालनात मात्र मान वर करा. पांढऱ्या वस्त्रांतला ख्रिस्त पाय फाकवून उभा आहे आणि एका हाताने आदमला, दुसऱ्याने हव्वेला त्यांच्या कबरीतून खेचून काढतोय. पायाखाली नरकाची दारं आणि विखुरलेली कड्या-कुलपं. बिझँटाइन साम्राज्य तेव्हा आक्रसून थोडंच उरलं होतं, आणि त्याच काळात हे इतक्या जोमाचं चित्र निघालं. इथे तासभर तरी हवा. परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे.

कारियेपासून उताराने बालात आणि फेनेर. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना उस्मानी सुलतानाने आसरा दिला, त्यांची वस्ती बालातमध्ये होती. फेनेरला ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या धर्मगुरूंचं पीठ आजही आहे. पाण्याकाठी बल्गेरियन लोकांचं चर्च ओतीव लोखंडाचं आहे, सुटे भाग जोडून १८९८ मध्ये उभं केलेलं. रंगवलेल्या पायऱ्यांपाशी फोटोंची गर्दी असते, एक गल्ली सोडून शेजारून चाला. परत यायला खाडीकाठची टी-५ ट्राम आहे, ती एमिनोनूला सोडते.

चौथ्या दिवशी सुलेमानियेपासून सुरुवात करून खाली उतरा. मिमार सिनान हा जवळजवळ ५० वर्षं सुलतानांचा मुख्य वास्तुकार होता. ही मशीद त्याने १५५० ते १५५७ मध्ये बांधली. आया सोफियाला हजार वर्षांनी दिलेलं हे उत्तर आहे. तिथे खांबांच्या रांगा बाजूच्या जागा झाकून टाकतात, इथे आत पाऊल ठेवताच सगळी जागा एका नजरेत येते. दिव्यांची काजळी हवेच्या झोताने दरवाज्यावरच्या एका खोलीत जमेल अशी व्यवस्था त्याने केली होती आणि त्या काजळीची शाई करत. मशिदीभोवती मदरसे, इस्पितळ, अन्नछत्र, हमाम. मागच्या दफनभूमीत सुलतान सुलेमान आणि त्याची पत्नी हुर्रेम यांच्या कबरी आहेत. बाहेरच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या बेचक्यात सिनानची स्वतःची लहानशी कबर आहे. ती शोधाच.

सुलेमानियेसमोर राजम्याजवळ जाणारी पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात देणाऱ्या खाणावळींची रांग आहे. कुरू फासुलये म्हणतात. पण काही ठिकाणी त्यात मांस असतं, म्हणून आधी विचारा. ‘एत्सिझ’ म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द पाठ करून जा. मसूर सूप जवळपास सगळीकडे मिळतं, तरी ‘एत सुयू’, म्हणजे मांसाचं पाणी, घातलंय का ते विचारा. एस्नाफ लोकांता नावाच्या दुपारच्या खाणावळींत पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवून घ्यायचं. ऑलिव्ह तेलातली वांगी, घेवडा, आर्टिचोक गार वाढतात. चीजचं पिदे (भाजलेली जाड रोटी), गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी), कुंपिर (भाजलेला भरला बटाटा), बोरेक (पापुद्र्यांची भरली खारी) ही हुकमी पोटभर खाणी. रस्त्यावर मिळणारं चिग कोफ्ते बुलगुरचं, बिनमांसाचं असतं, मुलाला तिखट चालत असेल तर आवडेल. सासूबाईंना सकाळचा तुर्की नाश्ता नक्की रुचेल: चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मध आणि दाट साय.

उताराने खाली आलात की रुस्तम पाशा मशीद लागते. ती दुकानांच्या वर बांधलेली आहे, जिना पटकन सापडत नाही. आतल्या भिंती इझनिकच्या फरशांनी भरलेल्या. मातकट लाल रंग बोट फिरवलं तर उठावदार लागतो, पण स्पर्श करू नका, कडेने बघितलं तरी तो फुगवटा दिसतो. मग मसाल्यांचा बाजार. ग्रँड बाजार रविवारी बंद. खरेदीला अर्धा दिवस राखायची अजिबात गरज नाही, दोन तास पुष्कळ झाले. गालिच्याच्या दुकानात चहा प्यायलात म्हणून काही घ्यायलाच हवं असं मुळीच नाही, पण मनात घ्यायचं नसेल तर आत बसूच नका.

दुपारी सिर्केजीहून मार्मारायने एक स्टेशन, समुद्राखालून चार मिनिटांत उस्कुदार. हा बोगदा २०१३ मध्ये सुरू झाला. त्यासाठी येनीकापी स्टेशनापाशी खोदताना थिओडोसियसचं बुजलेलं बंदर निघालं, त्यात ३७ बोटींचे सांगाडे आणि त्याखाली नवाश्मयुगीन माणसांच्या पावलांचे ठसे. काम कित्येक वर्षं लांबलं, आणि शहराचा इतिहास हजारो वर्षांनी मागे गेला. उस्कुदारच्या काठावर शेमसी पाशा ही सिनानची चिमुकली मशीद आहे, तिच्या पायऱ्यांशी लाटा येतात. तिथून बॉस्फरसच्या बोटी बघत बसा. मुलाला सांगा, वरचं पाणी काळ्या समुद्रातून मार्माराकडे वाहतं, पण खोलवर खारट पाणी उलट दिशेने जातं. सतराव्या शतकात मार्सिली या इटालियन तरुणाने दोरीला पांढरी बुचं बांधून ती पाण्यात सोडली आणि खाली बुचं उलट्या बाजूला वळताना पाहिली. हे त्याने १६८१ मध्ये प्रसिद्ध केलं.

बॉस्फरसची फेरी हवी असेल तर शेहिर हातलारी या महापालिकेच्या कंपनीची बोट घ्या. रात्रीच्या जेवणाची आणि नाचाची क्रूझ एजंट आग्रहाने देईल, ती घेऊ नका. अंधारात काठ दिसत नाही आणि शाकाहारी ताटात सॅलडपलीकडे फारसं काही नसतं. गलाता मनोऱ्याची रांगही सोडा. खालून बघा, मग जवळच १८७५ पासून चालणारी तुनेल ही भुयारी गाडी आहे, तिने इस्तिकलाल रस्त्याच्या टोकाला जाता येतं.

आता सावधगिरीचं थोडं. पुढे चाललेल्या बूटपॉलिशवाल्याच्या खोक्यातून ब्रश पडतो, आपण उचलून देतो, तो ‘उपकार’ म्हणून पॉलिश करतो आणि मग पैसे मागतो. ब्रश पडलेला दिसला तरी चालत राहा. रस्त्यात फार जवळीक दाखवून ‘एक ड्रिंक घेऊ’ म्हणणाऱ्याबरोबर कुठल्याही बारमध्ये जाऊ नका. टॅक्सी अॅपवरून बोलवा किंवा मीटर चालू करायला लावा. लिराचा भाव फार हलतो आणि मोठ्या वास्तूंची तिकिटं परदेशी पाहुण्यांना युरोच्या हिशेबाने पडतात, म्हणून पैसे एकदम न बदलता लागतील तसे बदला. म्युझियम पास घेणार असाल तर लक्षात ठेवा, आया सोफिया आणि येरेबातान त्यात येत नाहीत. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, नवा युरोपीय बाजूला आणि साबिहा गोकचेन आशियाई बाजूला. देशांतर्गत तिकीट काढताना दोन्ही उड्डाणं एकाच विमानतळाची आहेत ना ते तपासा, कारण एकातून दुसऱ्यात जायला सगळं शहर ओलांडावं लागतं.

सप्टेंबरअखेर निवडलीत ते चांगलं केलंत, हवा चालण्याजोगी असते. व्हिसाचं काम मात्र आधी हाती घ्या. चौघा-पाचांपैकी कुणाकडे शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तर त्यांना ई-व्हिसाचा मार्ग खुला होतो, बाकीच्यांना स्टिकर व्हिसासाठी वेळेत अर्ज करावा लागेल. तो हातात आल्याशिवाय विमानाची परत न मिळणारी तिकिटं काढू नका. आणि एजंटला इतकंच सांगा: पामुक्कले काढा, इस्तंबूल शेवटी घ्या, पाच रात्री, सिर्केजीत, लिफ्ट असलेलं हॉटेल.